खरूज : एका मुलाचा नव्हे, घराचा रोग

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत पटनोंदणी आणि उपस्थिती हे विषय आहेत. उपस्थितीच्या प्रश्नाला अगदी लागून असलेला, परंतु हजेरीपटात कोठेही न उमटणारा एक विषय मी आपणांपुढे ठेवू इच्छितो. तो विषय म्हणजे मुलांच्या अंगावरील खरूज आणि तिच्या पाठोपाठ येणारे पुवाचे फोड. विषय किळसवाणा वाटेल, कदाचित क्षुल्लकही वाटेल. ज्वर आला म्हणजे आपण मुलाला घरी पोहोचवितो, हगवण लागली म्हणजे दवाखान्याची चिठ्ठी देतो. खाजेचे मात्र आपणांस विशेष वाटत नाही. “लहान मुले म्हटली की खाजणारच,” असे म्हणून आपण पुढच्या पाठाकडे वळतो. ही समजूत बरोबर नाही, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम या रोगाचे स्वरूप पाहू. खरूज रक्त बिघडल्याने होत नाही, उष्णता वाढल्याने होत नाही आणि कोणाच्या दृष्टीनेही होत नाही. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते. शास्त्रज्ञ त्यास ‘सार्कोप्टिस स्केबिआय’ म्हणतात. या किड्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीकसे बीळ कोरते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, सुमारे दोन आठवड्यांत पिले प्रौढ होतात आणि तोच क्रम पुन्हा चालू होतो. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर असे दहा-पंधराच किडे असतात. मग एवढी खाज कशाची? ती किड्याच्या चालण्याची नसून किडा, त्याची अंडी व त्याची विष्ठा यांविरुद्ध आपल्या शरीराने उठविलेल्या प्रतिकाराची असते. हा प्रतिकार जागा व्हावयास वेळ लागतो. ज्याला ही लागण पहिल्यांदाच झाली आहे, त्याला चार ते सहा आठवडे खाज सुटतही नाही; पण त्या काळात तो दुसऱ्यांना खरूज देऊ शकतो. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. आजच्या भाषणाचे सारे मर्म तिच्यात आहे.

या किड्याचा शोध काही नवा नाही. १६८७ साली इटलीतील जिओव्हानी कोझिमो बोनोमो याने सूक्ष्मदर्शकाखाली किडा पाहून खरजेचे कारण हेच असल्याचे लिहिले; परंतु वैद्यजनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिका बेटावरील विद्यार्थ्याने रोग्याच्या कातडीतून सुईच्या टोकावर किडा काढून दाखविला, तेव्हा विद्वानांची खात्री पटली. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील स्त्रियांकडून शिकली होती. मुलांच्या हातांतून खरजेचे किडे सुईने काढणे हे त्यांच्या नित्याच्या व्यवहारातले होते. आयांना जे ठाऊक होते ते पंडितांना पटावयास दीडशे वर्षे लागली!

आता ही खरूज पसरते कशी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये खरजेची मोठी साथ होती. त्या वेळी केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने शेफिल्ड येथे, युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. तोवर सर्वांची समजूत होती की, खरूज मुख्यत्वे कपड्यांतून व पांघरुणांतून पसरते. मेलनबीने स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली वस्त्रे व घोंगड्या वापरावयास दिल्या, तरी लागण क्वचितच झाली. एकाच अंथरुणात रोग्याशेजारी झोपल्यावर मात्र ती झाली. म्हणजे कातडीला कातडी दीर्घ काळ लागून राहणे, हा खरजेचा राजमार्ग होय. वर्गात पाटीची देवघेव करताना झालेल्या क्षणभराच्या स्पर्शाने ती सहसा होत नाही. एका गोधडीत झोपणारी भावंडे, कडेवरचे तान्हे मूल, कुशीत घेणारी आजी, वसतिगृहात थंडीने एकमेकांना बिलगून झोपणारी मुले, यांच्यात ती पसरते. जिथे माया आहे तिथेच ती पसरते, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच थंडीच्या दिवसांत तिचा जोर वाढलेला दिसतो.

यावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, खरूज हा अस्वच्छतेचा दाखला नव्हे. नित्य स्नान करणाऱ्यालाही ती होते, कारण बिळात शिरलेला किडा पाण्याने वाहून जात नाही. ती दाटीवाटीचा रोग आहे. ज्या घरात एकच खोली आणि दोनच गोधड्या आहेत, त्या घरात ती अधिक. हा दोष मुलाचा नाही आणि आईचाही नाही. दुसरे अनुमान असे की, खरूज झालेल्या मुलाला वर्गात दूर बसविल्याने रोगास काडीइतकाही प्रतिबंध होत नाही. त्याने अपमान मात्र पुरेपूर होतो.

या संदर्भात माझ्या पाहणीत आलेली एक हकिकत सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे इयत्ता तिसरीतील एक मुलगी दाराजवळ वेगळ्या गोणपाटावर बसलेली मी पाहिली. बोटांच्या बेचक्यांत फोड होते, मनगटे ओरबाडलेली होती. गुरुजींनी हे दुष्टपणाने केले नव्हते. इतर मुलांच्या पालकांनी आग्रह धरला, म्हणून केले होते. पुढच्या भेटीत ती मुलगी दिसली नाही. चौकशी करता कळले की, ती तीन आठवडे आलीच नव्हती. घरी गेलो तेव्हा तिच्या आईने मलमाची रिकामी नळी दाखविली. “साहेब, औषध लावलं. आठ दिवस बरं वाटलं, परत तसंच झालं. औषधाला गुण नाही,” असे त्या माउलीचे म्हणणे पडले. मी विचारले, “ताई, घरात माणसे किती?” माणसे सात होती. नळी एक होती. औषध एकीलाच, तेही जिथे खाजत होते तेवढ्याच जागी लावले होते. उरलेल्या सहांपैकी धाकट्या दोघांना खाज सुटलेली होती आणि इतरांना ती अजून सुटावयाची होती. औषधाला गुण होता. औषध घरातील सर्वांना मिळाले नव्हते. पुढे आरोग्यसेविकेने सातही जणांचे औषध आणून एका रात्री सर्वांना लावविले, दहा दिवसांनी पुन्हा लावविले, आणि ती मुलगी शाळेत आली. या वेळी ती रांगेत बसली.

बंधुभगिनींनो, एकट्या मुलावर उपचार करणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. खरूज एका मुलाला दिसते. ती असते घराला.

“पण खाजच ना ती? खाजवील आणि गप्प बसेल,” असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ऐका. खरजेची खाज रात्री अधिक होते. ज्या मुलाला रात्रभर झोप नाही, ते मूल सकाळच्या तासाला पेंगते. ज्याची बोटे सुजली आहेत, त्याला पेन्सिल धरवत नाही. त्याला आपण आळशी म्हणतो. तथापि याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. नखांनी ओरबाडलेल्या कातडीतून स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस या जातींचे जंतू आत शिरतात. मग फोडांत पू होतो आणि त्यावर मधाच्या रंगाची खपली धरते. पावसाळ्यातील दमट हवेत हे फोड झपाट्याने वाढतात. त्यांतील स्ट्रेप्टोकॉकसच्या लागणीनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. फोड वाळून गेले, आई निश्चिंत झाली, आणि तीन ते सहा आठवड्यांनी सकाळी उठल्यावर मुलाचे तोंड सुजलेले दिसते, लघवी कोऱ्या चहासारखी होते, तिचे प्रमाण घटते. अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात न्यावयाचे. उद्यावर ढकलावयाचे नाही. बहुतेक मुले योग्य उपचाराने बरी होतात. काहींच्या मूत्रपिंडाचे दुखणे मात्र पुढेही रेंगाळते. बोटांच्या बेचक्यातील एक फोड कोठवर जाऊ शकतो, हे यावरून ध्यानी येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. कोणत्याही एका वेळी जगात वीस कोटींहून अधिक लोकांना खरूज असते, असा तिचा अंदाज आहे. ‘दुर्लक्षित’ हा शब्द येथे फार नेमका आहे. औषध ठाऊक नाही म्हणून हा रोग टिकलेला नाही. कोणी मनावर घेत नाही म्हणून टिकला आहे.

मनावर घेतल्यास काय होते, याचे एक उदाहरण पॅसिफिक महासागरातील फिजी या देशाचे आहे. तेथील बेटांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटात रुग्ण व त्यांच्या निकट सहवासातील माणसे एवढ्यांनाच मलम दिले. वर्षाने खरजेचे प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आले. दुसऱ्या गटात रोगी-निरोगी न पाहता सर्वांना मलम लावले, प्रमाण ४१.७ वरून १५.८ वर आले. तिसऱ्या गटात सर्वांना आयव्हरमेक्टिन हे पोटात घ्यावयाचे औषध दिले, ज्यांना ते चालत नाही त्यांना मलम दिले. तेथे प्रमाण ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर उतरले. पुवाचे फोडही त्याबरोबर कमी झाले. यातील बोध स्पष्ट आहे. रोगाचा घेर जेवढा मोठा, तेवढा उपचाराचा घेर मोठा हवा. एका घरात रोग असेल तर ते सारे घर. वसतिगृहात असेल तर सारे वसतिगृह, स्वयंपाकी व अधीक्षक यांसह. पाड्यातील घराघरांत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून साऱ्या पाड्याचा विचार.

आता उपचाराविषयी. औषध ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे, आपले नव्हे. परंतु ते नीट वापरले जाते की नाही, हे पाहण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही. बहुधा परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम देतात. ते रात्री, कोरड्या अंगाला, मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत सर्वत्र लावावयाचे असते. बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, काखा, बेंबी, कंबर, जांघा, काहीही सोडावयाचे नाही. अगदी लहान मुलांना डोक्यास व चेहऱ्यासही लावण्यास डॉक्टर सांगतात. त्यात डोळे व तोंड जपावे. आठ ते चौदा तासांनी अंग धुवावे; मध्येच हात धुतल्यास हातांना पुन्हा लावावे. अंड्यांतून मागाहून निघालेले किडे मरावेत, म्हणून सात ते चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा लावावे. आयव्हरमेक्टिनची गोळी वजन पाहून देतात. पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांना व गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांचा उपचार वेगळा असू शकतो, म्हणून त्यांचा उल्लेख आरोग्य केंद्रात आवर्जून करावा.

त्याच दिवशी गेल्या दोन-तीन दिवसांत वापरलेले कपडे व अंथरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून निदान तीन दिवस बाजूला ठेवावे. माणसाच्या अंगावाचून हा किडा त्याहून अधिक काळ सहसा जगत नाही. आणि एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवावी : किडे मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. हे न सांगितल्यामुळे कितीतरी घरांत औषध फुकट गेले असे समजून रॉकेल, राख असले उपाय सुरू होतात आणि कातडी भाजून निघते.

दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांविषयीही सावध असावे. त्यांतील अनेकांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते, रोग दबत नाही. गजकर्णावर असे मलम चोळल्याने कडा पुसट होतात, ते पसरत जाते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. आपल्या देशात अलीकडे चिवट झालेल्या गजकर्णाचे हे एक मोठे कारण मानले जाते. तसेच अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. शिक्षकाने टाचणी टोचून परीक्षा पाहू नये. फक्त आरोग्य केंद्राकडे पाठवावे. तेथे औषध विनामूल्य मिळते व वेळीच घेतल्यास पुढे येणारे व्यंग टळते.

तर मग शिक्षकाने नेमके काय करावयाचे? मी मोजक्याच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट पाहण्याची. आठवड्यातून एकदा नखे पाहताना बोटांच्या बेचक्या व मनगटेही पाहावी. मात्र जे दिसेल ते वर्गात बोलू नये. एखाद्या मुलाला ‘खरजुल्या’ हे नाव पडले, तर खरूज गेल्यावरही ते नाव जात नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. मुलाच्या आईला किंवा वडिलांना एकांतात भेटून घरात रात्री किती माणसे झोपतात ते विचारावे. त्यांत तान्हे कोण, गरोदर कोण, हेही लिहावे आणि ती चिठ्ठी आशाताईंच्या हाती उपकेंद्रात द्यावी. “एक मूल, खरूज” असे लिहिले तर एक नळी येते. “सात माणसे” असे लिहिले तर सातांच्या औषधाची सोय पाहता येते.

तिसरी गोष्ट तारखेची. पहिली रात्र आणि दुसरी रात्र, दोन्ही तारखा मुलाच्या वहीत लिहून द्याव्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे विशेष पाहावे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलण्यापूर्वीच दोन्ही वेळचे औषध पुरे व्हावे. नाहीतर कोपीच्या दाटीत तोच रोग पुन्हा फोफावतो.

चौथी गोष्ट उपस्थितीची. पहिल्या रात्रीचा उपचार पुरा झाला की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकते. त्याला घरी बसविण्याचे कारण नाही. पालकांनी हरकत घेतल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आरोग्यसेविकेला बोलावून हे समजावून द्यावे.

पाचवी गोष्ट साबणाची. खरजेचा किडा साबणाने मरत नाही हे खरे. पण पुवाच्या फोडांना साबण नक्कीच आवरतो. कराची शहरातील गरीब वस्त्यांत साबणाने हात धुण्याची सवय लावली, तेव्हा पंधरा वर्षांखालील मुलांतील असे फोड सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. पोषण आहारापूर्वी हात धुण्याचा आपला पाठ या दृष्टीनेही मोलाचा आहे.

याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत तपासणीस येतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला आणि मुलांचे त्वचारोग त्याच्या तपासणीत अंतर्भूत आहेत. पथक येण्याच्या दिवशी गैरहजर राहणारी मुले कोण, हे पाहत जा. खाजेला लाजून घरी राहिलेले मूल बहुधा त्यांतच सापडेल.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणास वाटू नये. यॉज नावाचा एक त्वचारोग पूर्वी आपल्या देशाच्या जंगलपट्ट्यातील मुलांना जर्जर करीत असे. कार्यकर्ते घरोघर फिरले. रोग्याबरोबर त्याच्या सहवासातील माणसांनाही पेनिसिलिनची सुई दिली. २००३ नंतर नवा रोगी आढळला नाही आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे मान्य केले. तेथेही यश आले ते केवळ रोग्यापाशी न थांबता त्याच्या माणसांपर्यंत पोहोचल्यामुळेच.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, येत्या सोमवारी आपापल्या वर्गातील मुलांचे हात पाहा आणि ज्या घरी जाणे जरूर दिसेल त्या घरी त्याच आठवड्यात जा. सोबत कोरी चिठ्ठी न्या आणि पहिला प्रश्न रोगाचा न विचारता माणसांचा विचारा.